लहान बंडलं सहा

“आज काय शिजतंय, मावशी?”

“काय न्हाई वो शिष्टर. फडकी हायती. तुमचीच.”

“मग चिंचेचा वास कुठून येतोय?”

हौसामावशीने मान वर करून दोनदा हुंगल्यासारखं केलं. “मला तर फिनेलचाच येतोय,” ती म्हणाली आणि साळसूदपणे माझ्याकडे बघायला लागली. आख्ख्या दवाखान्यात माझं नाव फिनेलबाई पडलेलं होतं. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे मावशीलाही माहीत होतं.

सत्त्याऐंशी सालच्या श्रावणातली ही गोष्ट. आता मी घरी बसून पेन्शन खाते आणि नातवंडांना दिवसातून दहा वेळा हात धुवायला लावते, पण तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. मिरजेला शिकून आल्याचा ताठा मात्र पुरेपूर होता. वडजाई म्हणजे सातारा जिल्ह्याचं अगदी टोक. तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर एक, मुळीक. सिस्टर एक, म्हणजे मी, यमुना केदारी. आणि फरशी पुसण्यापासून बाळाला न्हाऊ घालण्यापर्यंत सगळं करणारी मावशी एक, हौसाबाई ढेबे.

आणि एक ते यंत्र. ऑपरेशनची फडकी, कापूस, कात्र्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं. कागदोपत्री त्याचं नाव ऑटोक्लेव्ह. कमरेएवढं उंच, तांबूस, वर झाकण, झाकणावर दाबाचा काटा आणि बाजूला एक तोटी. मावशी त्याला बंब म्हणायची. तिचं ऐकून मुळीक डॉक्टरही बंब म्हणायला लागले होते. मी एकटी नेटाने ऑटोक्लेव्ह म्हणत होते.

मावशी त्या बंबात स्वयंपाक करते, असा मला दाट संशय होता. फडकी ठेवायच्या ड्रममध्ये मला एकदा रताळ्याचं साल सापडलं. एकदा ड्रेसिंगचा कपडा उघडला तर वेलदोड्याचा वास आला आणि पेशंट म्हणाला, “वा! काय मलम आणलंय!” विचारलं की मावशी शपथेवर नाकबूल व्हायची. आजवर मी तिला रंगेहाथ पकडू शकले नव्हते.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या पंधरा दिवसांत आमच्याकडचे दोन पेशंट चिघळले होते. धोंडीबाबा बोडरे यांचा कोयत्याने कापलेला पाय मी स्वतः स्वच्छ केला, डॉक्टरांनी टाके घातले, आणि चौथ्या दिवशी त्यातून पू आला. मग एका बाईच्या हातावरचे टाके, तेही तसेच. डॉक्टर हवालदिल झाले. मी झाले नाही, कारण मला कारण ठाऊक होतं. निर्जंतुक फडक्यांत रताळी उकडणाऱ्या बाईचे हात, दुसरं काय? मी तसं वॉर्डात बोलूनही दाखवलं. धोंडीबाबांनी मग मावशीला अशा काही शिव्या घातल्या की बाहेरची कुत्री उठून गेली. मावशी खाली मान घालून बेडपॅन घेऊन गेली.

त्या दिवशी पुण्याहून तपासणीला मोठे साहेब यायचे होते, डॉक्टर आगटे. आमचं ऑपरेशन थिएटर नव्याने सजवलं होतं. साहेबांनी सही केली की ते सुरू होणार होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला मालन शेलारचं सिझेरियन ठरलं होतं. मालनचं पहिलंच बाळंतपण, आणि मूल पायाळू. सही नाही झाली तर पोरीला तशा अवस्थेत जीपमध्ये घालून साठ किलोमीटर घाटातून न्यावं लागलं असतं.

साहेबांकडे आणखी एक कागद होता. मावशी नऊ वर्षं रोजंदारीवर होती, तिला कायम करायची फाइल. त्याच दिवशी निकाल होता. मावशीने सकाळी ग्रामदेवतेला नारळ फोडला होता आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती.

आणि माझ्या एप्रनच्या खिशात चार घड्या घातलेला माझा अर्ज होता. “सदर परिचर निर्जंतुकीकरणाच्या यंत्राचा खासगी कामासाठी गैरवापर करीत असून त्यामुळे रुग्णांच्या जखमा दूषित होत आहेत. तरी तिला सेवेत कायम करू नये.” अक्षर मोत्यासारखं काढलं होतं.

“बंडलं किती घातलीत?” मी रजिस्टर उघडून विचारलं.

“मोठी चार. ल्हान सा.”

“लहान चार होती ना?”

“दोन जास्तीची घातली. साहेबास्नी दवाखाना भरल्यासारखा दिसाय पायजे का नको?”

पटलं मला. मी लिहिलं, ‘मोठी बंडलं चार, लहान बंडलं सहा’, आणि खाली झोकदार सही ठोकली. बंबाचा काटा पंधरा पौंडांवर बरोब्बर उभा होता. अर्धा तास भरला. बंब थंड झाल्यावर ड्रम बाहेर काढला. ड्रमवर चिकटवलेल्या पट्टीवरच्या रेघा काळ्याभोर झाल्या होत्या. रेघा काळ्या झाल्या म्हणजे वाफ लागली. मी ती पट्टी कौतुकाने बघत होते तेवढ्यात बाहेर जीप वाजली.

साहेब दीड तास आधीच आले होते. मावशीच्या तोंडातून “आगं बया!” निघालं आणि तिने ड्रमवर जवळजवळ झडपच घातली. “शिष्टर, ड्रम मी निऊन ठिवते!”

“हात लावू नका,” मी म्हणाले. “आज साहेबांना मी स्वतः दाखवणार आहे.”

आगटे साहेब म्हणजे काटकुळे, धोतरातून नुकतेच पँटीत आल्यासारखे दिसणारे गृहस्थ. बोलणं मात्र धारदार. त्यांनी थिएटर पाहिलं, भिंतीचा नवा निळा ऑइलपेंट पाहिला, नखाने टोकरूनही पाहिला. मुळीक डॉक्टरांनी त्या रंगासाठी वरिष्ठांकडे सात खेटे घातले होते. साहेब “छान” म्हणाले तेव्हा डॉक्टरांचा चेहरा फुलला.

“आणि निर्जंतुकीकरण कोण बघतं?”

“मी, सर,” मी पुढे झाले. “पंधरा पौंड, तीस मिनिटं. हे रजिस्टर. एकही दिवस खाडा नाही.”

“उत्तम. एक बंडल उघडून दाखवा. लहान चालेल.”

मी कोपरापर्यंत हात धुतले. मिरजेला शिकवलं होतं तसे, बोटाबोटाच्या बेचक्यातून. चिमट्याने ड्रमच्या तळातलं एक लहान बंडल उचललं, कारण वरचं तर कुणीही दाखवेल. गाठ सोडली, कापडाचा एक पदर उलगडला, दुसरा उलगडला. आत आणखी एक गुंडाळी होती. हिरवीगार, दोऱ्याने बांधलेली.

साहेब चष्मा सावरत वाकले. “हे कुठल्या प्रकारचं ड्रेसिंग?”

दारातून मावशीचा आवाज आला, “अळवाचं.”

मुळीक डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. अळूवडीचा उंडा होता तो, चांगला मनगटाएवढा जाड. दुसऱ्या जास्तीच्या बंडलातही तेच निघालं.

“डॉक्टरच म्हनले,” मावशी रडकुंडीला आली, “साहेबास्नी अळूवडी लय आवडती म्हून. घरात घासलेट न्हाई. मग म्हनलं, बंब तापतोच हाय. आदी काडून घेनार व्हते वो. तुमी लवकर आला.”

“मी आवडते म्हणालो,” डॉक्टर पुटपुटले, “ऑपरेशनच्या ड्रममध्ये घाला असं नव्हतो म्हणालो.”

माझी वेळ आली होती. खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला. दोन वर्षं मी ज्याच्या मागे होते ते माझ्या चिमट्यात होतं. मी खिशातून अर्ज काढला आणि साहेबांच्या हातात दिला. “सर, म्हणूनच जखमा चिघळतायत. सगळं यात लिहिलंय.”

साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला. मावशीला वाचता येत नव्हतं, पण तिला कळलं. तिने लुगड्याचा पदर दोन्ही हातांत घट्ट धरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. नऊ वर्षं त्या एका कागदाची वाट बघितली होती तिने.

“वाईट आहे,” साहेब म्हणाले. “फारच वाईट.” मग त्यांची नजर ट्रेवरच्या उंड्याकडे गेली आणि तिथेच राहिली. “काय हो, सुरी आहे का?”

“साहेब, तळायच्या राहिल्यात,” मावशी डोळे पुसत म्हणाली.

“असू दे. पंधरा पौंड दाबाखाली शिजलेली अळूवडी मी जन्मात खाल्लेली नाही. आणि जंतुविरहित पदार्थ म्हणून रजिस्टरला नोंद आहे, सिस्टरांची सही आहे. खायला हरकत काय?”

साहेबांनी एक चकती खाल्ली. डॉक्टरांना एक दिली. वरिष्ठांनी दिलेली वस्तू नाकारायची नसते, म्हणून डॉक्टरांनी खाल्ली. एक माझ्यापुढे आली. मीही नाक मुरडत तोंडात टाकली. चव झकास होती. चिंचगुळाचं प्रमाण असं की माझासुद्धा राग क्षणभर पातळ झाला.

आणि मग साहेब खाकरले.

पुन्हा खाकरले. मुळीक डॉक्टरांनी गळ्याला हात लावला. माझ्या जिभेच्या शेंड्याला कुणीतरी बारीक सुया टोचतंय असं वाटायला लागलं, मग टाळूला, मग थेट घशात. पाच मिनिटांत नव्याकोऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही तिघं सुशिक्षित माणसं गळे धरून घोगऱ्या मांजरांसारखे आवाज काढत होतो.

“खाजतंय!” साहेब ओरडले.

मावशीचं रडणं खाड्दिशी थांबलं. “काय म्हनला?”

“वडी खाजतेय तुमची!”

“माजी वडी?” मावशी भिंत सोडून पुढे आली. नोकरी जाईल म्हणून थरथरणारी बाई ती हीच का, असं वाटावं. “तीस वर्सं करती मी. सगळं गाव खातंय. अजून कुनाच्या नरड्याला लागली न्हाई! मूठभर चिंच घातलीया. आना हिकडं!” तिने एक चकती तोंडात कोंबली, चावली, आणि तिचंही तोंड वाकडं झालं. मग तिने उरलेला उंडा सुरीने मधोमध कापला आणि बोटाने आतलं पान चाचपलं.

“कच्ची हाय,” ती म्हणाली. “भाईरनं शिजलीया, मदी कच्ची हाय.”

तिने सगळ्यांना चिंच-गुळाचे गोळे आणून दिले. ते चोखत साहेब स्टुलावर बसले. मग एकदम ताठ झाले.

“सिस्टर, किती वेळ लावलं होतं?”

“तीस मिनिटं, सर. पंधरा पौंड.”

“अर्ध्या तासात पंधरा पौंडाखाली अळूचं पान शिजत नाही? मग जंतू कसले मरतायत? ते तर अळूपेक्षा चिवट!”

माझ्या तोंडातला गूळ तसाच राहिला.

“बाई,” साहेब मावशीकडे वळले, “खरं सांगा. नोकरीचं नंतर बघू. याआधी या बंबात किती वेळा वड्या केल्यात?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “पाच-सा येळा. पन कवाच अशी झाली न्हाई वो. आखाडात केल्या तवा लोन्यावानी मऊ.”

“मग आखाडापासून आजपर्यंत बंबात काय बदल झाला?”

खोलीत नुसती आमची खाकरणी ऐकू येत होती.

मला आठवलं. आठवलं कसलं, ते माझ्या अंगावरच आलं. बरोब्बर पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. बंबामागच्या थिएटरच्या भिंतीला रंग देऊन झाला होता. बंब तापायला लागला की मावशी बाजूची ती तोटी उघडी ठेवायची, आणि तिच्यातून फुसफुस करत वाफ नव्या रंगावर जायची. रंगाला फुगे आले. मी कडाडले होते, “तोटी पहिल्यापासून बंद ठेवायची. काटा पंधरावर आला की झालं!”

मावशी म्हणाली होती, “शिष्टर, त्येला आदी हवा सोडू द्या की. गार हवा जाती, मग आवाज बदलतो, मग झाकायची. पोटात वारा धरल्यावर मान्साला तरी पचतंय का?”

मी काय म्हणाले होते तेही आठवलं. “यंत्राचं शास्त्र तुम्ही मला शिकवू नका,” असं म्हणाले होते. मिरजेला यंत्र वेगळं होतं आणि ते चालवायला माणूस वेगळा होता. मी फक्त बंडलं द्यायची आणि घ्यायची. तोटी कशासाठी असते ते मला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची माझी तयारी नव्हती.

मी मावशीकडे पाहिलं. तिला तर केव्हाच उमगलं होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. “काय की साहेब,” ती हळूच म्हणाली, “बंब म्हातारा झालाय. त्येचंच कायतरी.”

माझा अर्ज साहेबांच्या मांडीवर होता. तिला वाचता येत नव्हतं, पण तो कुणाविरुद्ध आहे हे तिला माहीत होतं. आणि तरी ती बंबावर ढकलत होती. मला इतकी लाज वाटली, इतकी, की घशाची खाज विसरले.

“सर, तोटी मी बंद ठेवायला लावली,” मी म्हणाले. “रंग खराब होतो म्हणून. मावशी नको म्हणत होत्या. त्या दिवसापासूनच जखमा चिघळतायत. चूक त्यांची नाही, माझी आहे.”

मुळीक डॉक्टर कपाळाला हात लावून भिंतीच्या निळ्या रंगाकडे बघत राहिले. साहेब उठले, बंबाजवळ गेले आणि तोटी दोनदा उघडून बंद केली.

“आत हवा अडकली की काटा दाब दाखवतो, पण वाफेला जागाच राहत नाही,” ते म्हणाले. “गार हवा जड. ती ड्रमच्या तळाशी बसून राहते. वरच्या पट्टीला वाफ लागते, पट्टी काळी होते, आपण खूश. खाली सगळं कच्चं.” मग मावशीला विचारलं, “अळूची पानं उरलीत?”

“बारा हायती.”

“मग लावा एक नवा उंडा. तळाशी ठेवा, फडक्यांच्या मधोमध. आणि बंब तुम्ही लावायचा. सिस्टर बघतील.”

मी बघितलं. मावशीने तोटी उघडी ठेवली. आधी नुसतीच थुंकल्यासारखी हवा आली, मग फुसफुस, मग थांबत थांबत वाफ. मी दोनदा “आता?” म्हणाले. मावशीने हाताने थांबा केलं. तिचा कान तोटीकडे होता. मग आवाज एकदम सलग झाला, चादर फाडल्यासारखा, आणि ती म्हणाली, “आता.” निळ्या भिंतीवर तोवर तळहाताएवढे तीन फुगे आले होते. डॉक्टर तोंड फिरवून उभे राहिले.

अर्ध्या तासाने उंडा बाहेर आला. साहेबांनी मधली चकती कापली आणि सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हात पुढे करेना.

“सिस्टर,” ते म्हणाले.

मी खाल्ली. पाच मिनिटं सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते. उद्या मालनच्या पोटावर कुठली फडकी जाणार हे त्या गळ्यावर अवलंबून होतं. मी गिळलं, थांबले, पुन्हा गिळलं.

“नाही खाजत,” मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

साहेबांनी सही केली. तपासणीच्या वहीत त्यांनी जे लिहिलं ते मला पाठ आहे. “निर्जंतुकीकरण समाधानकारक. चाचणी स्थानिक पद्धतीने घेतली.” खाली आणखी एक ओळ होती. “यंत्रात खाद्यपदार्थ ठेवू नयेत.” फाइलवरही सही झाली. जाताना उरलेला उंडा त्यांनी बरोबर घेतला. गुंडाळायला कागद शोधत होते, तर हाताशी माझा अर्जच आला. मोत्यासारख्या अक्षरावर तेलचिंचेचा डाग पसरत गेला आणि जीप निघून गेली.

संध्याकाळपर्यंत मी दवाखान्यातलं एक अन् एक फडकं पुन्हा बंबात घातलं. धोंडीबाबांचं ड्रेसिंग नव्या कपड्याने केलं आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. “मंग हौसाला घातलेल्या शिव्या?” त्यांनी विचारलं. “त्या कुनाकडनं परत घ्येयाच्या?”

मालनला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. आठव्या दिवशी टाके काढले. कोरडे, स्वच्छ, पुवाचा टिपूस नाही. त्याच दुपारी मालनच्या आईने टोपलीभर अळू आणून दिलं. मावशीने घरी चुलीवर उकडून, तेलात तळून, खरपूस वड्या केल्या आणि दवाखान्याच्या पायरीवर माझ्यापुढे ताटली ठेवली.

“मावशी,” मी म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?”

“तुमी सांगनार व्हता की.”

“आणि नसतं सांगितलं तर?”

“तर दुसऱ्या दिशीबी तसल्याच वड्या खायाला घातल्या असत्या,” मावशी शांतपणे म्हणाली. “तिसऱ्या दिशीबी. सांगूस्तवर.”

मी हातातली वडी तोंडाशी नेता नेता थांबले. ते तिने बरोबर हेरलं.

“खावा बिनघोर. न्हाई खाजनार. आदी हवा काडलीया.”

“चुलीवरच्या वडीची कसली हवा? कुणाची काढलीत?”

मावशीने मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं. “बंबाची,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून अशी हसत सुटली की आत मालनची मुलगी जागी होऊन रडायला लागली.